गेम खेळताना पीसी तापतो? विदर्भाच्या उन्हाळ्यात कोणता आकडा चिंतेचा, कोणता नाही

एप्रिल-मे महिन्यांत भंडारा जिल्ह्यात दुपारचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जाणे नवे नाही. याच काळात परीक्षा संपतात, सुट्या लागतात आणि तुमसर, साकोली, पवनीपासून लाखांदूरपर्यंत गेमिंगचे तास वाढतात. मग ग्रुपवर स्क्रीनशॉट पडू लागतात. 'सीपीयू ८७ वर गेला, जळेल का?' 'गेम अर्ध्या तासाने अडकतो, ग्राफिक्स कार्ड बदलू का?' खाली उत्तरांची रांग लागते. कुणी नवा कूलर सुचवतो, कुणी लिक्विड कूलिंग, कुणी सरळ नवे कार्ड.

यातली बरीच खरेदी टाळता येते. पीसी तापणे ही अनेकदा बिघाडाची खूण नसते आणि गेम अडकण्याचे कारण अनेकदा उष्णता नसते. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या, तर घरातले पाच-दहा हजार रुपये वाचतात. खरा धोका असेल, तर तोही वेळेत लक्षात येतो.

## थोडक्यात

- पीसीचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक पीसीची स्वतःची उष्णता. पुण्या-मुंबईच्या एसी खोलीतला आकडा भंडाऱ्याच्या मे महिन्याला लागू होत नाही.
- गेम खेळताना ८० ते ८५ अंश दिसले म्हणून प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड जळत नाही.
- गेम पहिल्या मिनिटापासूनच अडकत असेल, तर कारण बहुधा उष्णता नाही. पंधरा-वीस मिनिटांनी अडकू लागला, तर उष्णतेवर संशय घ्यावा.
- पीसी अचानक बंद पडत असेल आणि तापमान ठीक असेल, तर आधी वीज आणि एसएमपीएस तपासावे.
- फुगलेली बॅटरी, जळका वास आणि कॅबिनेटला लागणारा शॉक या तीन गोष्टींत वाट पाहू नये.

## पीसी मुळात तापतो का?

पीसी जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेत बदलते. मिक्सरची वीज निदान चटणी वाटते. पीसीची वीज आकडेमोड करते आणि ती करताना उष्णता होऊन बाहेर पडते. आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड सुमारे ११५ वॅट वीज वापरते, आधीच्या पिढीतले आरटीएक्स ३०६० सुमारे १७० वॅट. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि मॉनिटर धरले, तर मध्यम गेमिंग पीसी खेळताना २५० ते ३५० वॅटपर्यंत सहज जातो.

शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. म्हणजे ३०० वॅटचा पीसी बंद खोलीत चालू असणे म्हणजे तीन जादा माणसे येऊन बसण्यासारखे आहे. तीन तास खेळले की ०.९ युनिट वीज खर्च होते आणि तेवढीच उष्णता खोलीत राहते. पंखा कितीही मोठा असला, तरी तो उष्णता नाहीशी करत नाही. चिपवरची उष्णता तो फक्त हवेत ढकलतो. खोलीची हवा बाहेर जात नसेल, तर तीच गरम हवा पुन्हा कॅबिनेटमध्ये शिरते.

## भंडाऱ्यातला आकडा वेगळा का दिसतो?

यूट्यूबवरचे रिव्ह्यू बहुतेक वेळा २० ते २५ अंशांच्या खोलीत केलेले असतात. तिथे एखादा प्रोसेसर ६८ अंश दाखवत असेल आणि खोली २४ अंशांवर असेल, तर त्या कूलरने प्रोसेसरला खोलीपेक्षा ४४ अंश वर ठेवले आहे. तोच पीसी, तोच कूलर आणि तोच गेम ३८ अंशांच्या खोलीत नेला, तर आकडा ३८ अधिक ४४, म्हणजे ८२ च्या आसपास येईल. कूलर खराब झालेला नाही, पेस्ट सुकलेली नाही. फक्त खोली बदलली आहे.

म्हणून स्क्रीनशॉट टाकताना आणि वाचताना दोन आकडे लागतात: चिपचे तापमान आणि खोलीचे तापमान. त्यांच्यातला फरक हा पीसीच्या तब्येतीचा खरा आकडा. हा फरक डिसेंबरमध्ये ४४ असेल आणि मे महिन्यातही ४४-४६ असेल, तर पीसी ठीक आहे. तोच फरक डिसेंबरमध्ये ४४ आणि मे महिन्यात ५८ असेल, तर मधल्या काळात धूळ साचली आहे, पेस्ट सुकली आहे किंवा एखादा पंखा मंदावला आहे.

इथे एक काळजी घ्यावी. बातम्यांत येणारे शहराचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान नव्हे. वेधशाळेतला तापमापक सावलीत, हवा खेळेल अशा पेटीत असतो. स्लॅबच्या घरात दिवसभर तापलेले छत रात्री नऊ-दहापर्यंत उष्णता सोडत राहते. टिनाच्या छताखाली दुपारी खोली बाहेरच्या सावलीपेक्षाही गरम असते. कवेलूच्या घरात चित्र पुन्हा वेगळे. काही शे रुपयांचा साधा डिजिटल तापमापक टेबलावर ठेवला की हा अंदाजाचा खेळ संपतो. तो पीसीच्या मागे ठेवू नये, कारण तिथे गरम हवा बाहेर पडते. समोर, हवा आत घेणाऱ्या बाजूला ठेवावा.

## किती तापमान म्हणजे जास्त?

प्रत्येक चिपला कंपनीने ठरवलेली एक कमाल मर्यादा असते. तिथे पोहोचल्यावर चिप स्वतःचा वेग कमी करते, म्हणजे कमी वीज घेते आणि कमी तापते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. काही नेहमीच्या मर्यादा अशा आहेत:

- इंटेल कोअर १२व्या ते १४व्या पिढीतील बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर: १०० अंश
- एएमडी रायझन ५००० मालिका: मॉडेलनुसार ९० किंवा ९५ अंश
- एएमडी रायझन ७००० मालिकेतील नेहमीचे प्रोसेसर: ९५ अंश, ७८००एक्स३डी: ८९ अंश
- एनव्हिडिया आरटीएक्स ३०६०: ९३ अंश, आरटीएक्स ४०६०: ९० अंश
- एएमडी रेडिऑन कार्डांचे 'हॉटस्पॉट' किंवा 'जंक्शन' तापमान: ११० अंशांपर्यंत

शेवटचा आकडा पाहून अनेक जण घाबरतात. कार्डाचे साधे तापमान ७८ आणि हॉटस्पॉट ९५ दिसले, तर त्यात विसंगती नाही. हॉटस्पॉट म्हणजे चिपवरच्या सर्वांत गरम बिंदूचे तापमान. ते सरासरीपेक्षा १० ते २० अंशांनी वर असणे नेहमीचे आहे. हा फरक ३० अंशांच्या पुढे जाऊ लागला, तर मात्र चिप आणि हीटसिंक यांच्यातला संपर्क बिघडल्याची शक्यता असते.

मर्यादेपेक्षा १० अंश खाली चाललेली चिप धोक्यात नसते. थ्रॉटलिंग झाले तरी चिप जळत नाही, खेळ मंदावतो. त्यापुढेही तापमान वाढले, तर मशीन स्वतःहून बंद होते.

ही सुरक्षा पूर्वी सगळीकडे नव्हती. २००१ मध्ये 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळाने चालू प्रोसेसरवरून हीटसिंक काढून टाकण्याचा प्रयोग केला होता. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण टिकला. तेव्हाचे एएमडी अॅथलॉन प्रोसेसर क्षणात धूर सोडून निकामी झाले. 'जास्त तापला की जळतो' ही भीती त्या काळात खरी होती. आजच्या दोन्ही कंपन्यांच्या चिपमध्ये थ्रॉटलिंग आणि आपोआप बंद होण्याची सोय आहे.

याचा अर्थ उष्णता निरुपद्रवी आहे असाही नाही. मदरबोर्ड आणि एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने लवकर म्हातारे होतात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम आहे. म्हणजे भंडाऱ्यासारख्या ठिकाणी प्रोसेसरपेक्षा आधी काळजी एसएमपीएसची करायला हवी.

## आकडे कसे पाहायचे?

विंडोज १० च्या २०२० मधील अपडेटपासून टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' भागात स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते. प्रोसेसरसाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा एचडब्ल्यूमॉनिटर ही मोफत साधने वापरली जातात. खेळ चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे हवे असतील, तर एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर उपयोगी पडतो. ही साधने मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावीत. ग्रुपवर फिरणाऱ्या फाइलमधून घेऊ नयेत.

एका वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये पाच गोष्टी लिहाव्यात: खोलीचे तापमान, पीसी नुसता चालू असतानाचे तापमान, खेळ सुरू केल्यावर पाच मिनिटांनी, वीस मिनिटांनी आणि चाळीस मिनिटांनी. प्रत्येक वेळी तापमानासोबत क्लॉक स्पीड आणि एफपीएस नोंदवावा. फक्त तापमानावरून निदान होत नाही. वेग खाली आला का, हे पाहावे लागते.

सेन्सरचा प्रत्येक आकडा खरा मानू नये. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि तो आकडा देशभर फिरला. सेन्सरमधल्या बिघाडामुळे तो आल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. त्या दिवशी शहरातली इतर केंद्रे खूप कमी तापमान दाखवत होती. पीसीतही असेच होते. मदरबोर्डवरच्या न जोडलेल्या सेन्सरमुळे एखादी ओळ १२७ अंश दाखवते आणि खेळ सुरू-बंद केला तरी तिथून हलत नाही. न हलणारा आकडा बहुधा खोटा असतो.

## नेमके निदान: आकडा कधी आणि कसा वाढतो?

बिघाड ओळखण्यासाठी तापमान किती वाढले यापेक्षा ते किती वेळात वाढले हे अधिक उपयोगाचे असते.

खेळ सुरू होताच दहा-वीस सेकंदांत ९५ च्या वर. हा संपर्काचा दोष. कूलर नीट बसलेला नाही, एखादा स्क्रू सैल आहे, पेस्ट पूर्ण सुकली आहे किंवा नव्या कूलरच्या तळाचे प्लास्टिक काढायचे राहून गेले आहे. लिक्विड कूलर असेल, तर पंप बंद पडलेला असू शकतो. खोली थंड करून किंवा कॅबिनेटला पंखे वाढवून यात फरक पडत नाही. रायझन ७००० मालिकेतील काही वरच्या मॉडेलना मात्र हे लागू नाही. जड कामात ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच राहतील, अशीच त्यांची रचना आहे.

पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू वाढून मर्यादेला टेकणे. हा हवेचा दोष. कॅबिनेटमध्ये गरम हवा कोंडते, जाळी धुळीने बंद आहे किंवा खोलीच गरम आहे. इथे एक सोपी चाचणी आहे: कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून तोच गेम पुन्हा वीस मिनिटे चालवावा. तापमान ५-७ अंश किंवा त्याहून जास्त खाली आले, तर कॅबिनेटमधून हवा जात नाही. काहीच फरक पडला नाही, तर धूळ किंवा पेस्ट पाहावी.

तापमान ठीक, पण एफपीएस सुरुवातीपासून कमी. हा उष्णतेचा विषय नाही. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असणे हे सर्वांत साधे आणि वारंवार सापडणारे कारण आहे. त्यानंतर रॅमची एकच पट्टी असणे, बायोसमध्ये रॅमचा एक्सएमपी किंवा एक्सपो वेग चालू नसणे, १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर राहिलेला असणे, गेम जुन्या हार्ड डिस्कवर असणे आणि कार्डाची मेमरी भरून जाणे ही कारणे येतात. यांतली निम्मी कारणे पैसे न देता दूर होतात.

तापमान ठीक, पण पीसी अचानक बंद. पडदा काळा होऊन मशीन झटक्यात बंद पडत असेल, तर संशय एसएमपीएस, वीजपुरवठा किंवा इन्व्हर्टरवर जातो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा वेळी 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसते. ती पाहून अनेक जण प्रोसेसर गेला असे समजतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता मशीन बंद पडले. कारण ती सांगत नाही.

तापमान ठीक, पण गेम वारंवार क्रॅश. ड्रायव्हर, रॅम आणि बायोस तपासावे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याने ते अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले. ऑगस्ट २०२४ पासून त्यासाठी बायोसमार्फत सुधारणा आल्या आणि संबंधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. असा प्रोसेसर असेल, तर नवा कूलर घेण्याआधी बायोस अपडेट करणे शहाणपणाचे. मात्र एकदा झालेले नुकसान अपडेटने भरून येत नाही. तेव्हा वॉरंटीचाच मार्ग उरतो.

## डेझर्ट कूलरसमोर पीसी ठेवावा का?

विदर्भात उन्हाळा म्हणजे कूलर. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या पॅडमधून पाणी झिरपते, कोरडी हवा त्यातून जाते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता घेतली जाते. हवा जितकी कोरडी, तितका कूलर प्रभावी. म्हणून मे महिन्यात तो खोली दहा अंशांहूनही खाली आणू शकतो आणि पाऊस सुरू झाला की नुसती दमट हवा फेकतो.

पीसीला याचा फायदा होतो. खोली ४१ वरून ३१ वर आली, तर चिपचे तापमानही जवळपास तेवढेच उतरते. कूलर लावल्याने पीसीत पाणी जमेल ही भीती सहसा खरी नसते. दव धरण्यासाठी वस्तू हवेपेक्षा थंड असावी लागते. चालू पीसीचे भाग हवेपेक्षा गरम असतात.

दोन काळज्या मात्र घ्याव्यात. कूलरच्या थेट झोतात पीसी ठेवू नये. झोतासोबत बारीक तुषार उडतात, पाणी जड असेल तर त्यातले क्षार मागे राहतात आणि ओलसर धूळ हीटसिंकच्या पट्ट्यांत चिकटून बसते. कोरडी धूळ ब्रशने निघते, चिकटलेली निघत नाही. दुसरे म्हणजे समोरची खिडकी किंवा दार किलकिले ठेवावे. कूलरची हवा बाहेर जायला वाट नसेल, तर खोली थंड होण्याऐवजी दमट होते.

एसी असेल तर प्रश्न सोपा. तरीही ३०० वॅटचा पीसी एसीवरचा भार वाढवतो, हे वीजबिल पाहताना लक्षात ठेवावे.

## धूळ: धानाच्या पट्ट्यातली खास अडचण

भंडारा हा धानाचा जिल्हा. मळणीच्या दिवसांत उडणारा बारीक भुसा आणि राइस मिलच्या आसपासचा कोंडा हलका असतो. पंख्याच्या ओढीने तो थेट कॅबिनेटमध्ये जातो. चूल किंवा फोडणीचा धूर आणि अगरबत्तीची काजळी मिसळली, की त्याचा तेलकट थर होतो. रस्त्यालगतच्या घरांत मातीची धूळ असतेच. अशा ठिकाणी वर्षातून एकदा सफाई पुरत नाही. मळणीनंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मार्चमध्ये एकदा, अशी निदान दोनदा करावी.

सफाई करताना क्रम पाळावा:

१. पीसी बंद करून प्लग काढावा. मग पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी.
२. पीसी ओसरीत किंवा अंगणात न्यावा. घरातच धूळ उडवली तर ती परत आत जाते.
३. मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरावा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळा पंखा वाऱ्याने फार जोरात फिरला, तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.
४. घरातला व्हॅक्यूम क्लीनर थेट बोर्डाला लावू नये. त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होते.
५. ओला कपडा, फिनेल, परफ्यूम यांतले काहीही वापरू नये.
६. एसएमपीएस बाहेरूनच साफ करावा. त्याचे झाकण उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज काही वेळ राहते.

मुंग्या, झुरळे, पाली आणि उंदीर यांचाही विचार करावा लागतो. मागच्या उघड्या खाचांतून पाल आत शिरते आणि एसएमपीएसमध्ये शॉर्ट करते. रिकाम्या खाचांना पट्ट्या आणि पंख्यांना बारीक जाळी लावणे हा स्वस्त उपाय. जाळी लावली की ती महिन्याला धुवावी लागते. बंद झालेली जाळी नसल्यापेक्षा वाईट.

## वीज, इन्व्हर्टर आणि अर्थिंग

उन्हाळ्यात मागणी वाढली की व्होल्टेज खाली-वर होते आणि वीज जाते. चांगला एसएमपीएस कमी-जास्त व्होल्टेज बऱ्यापैकी सांभाळतो, स्वस्त सांभाळत नाही. डब्यावरचा '५०० वॅट' हा आकडा किती तापमानाला मोजला आहे, तेही महत्त्वाचे. चांगले एसएमपीएस ४० किंवा ५० अंशांना पूर्ण क्षमता देतात, स्वस्त २५ किंवा ३० अंशांनाच. कॅबिनेटच्या आत ५० अंश असताना दुसऱ्या प्रकारच्या एसएमपीएसकडून पूर्ण ५०० वॅटची अपेक्षा करता येत नाही.

घरगुती इन्व्हर्टरवर पीसी चालवायचा असेल, तर त्यावरचे बटण 'यूपीएस मोड'वर असावे. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. हा रीस्टार्ट उष्णतेमुळे झाला, असा समज सहज होतो.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर घरात अर्थिंग नाही किंवा तुटलेले आहे. तिसरी पिन कापून किंवा दोन पिनांच्या अॅडॅप्टरवर पीसी चालवू नये. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेणे हे कुठल्याही नव्या पंख्यापेक्षा आधीचे काम.

## आधी फुकटचे उपाय, मग खर्चाचे

खर्च शून्य: पीसी भिंतीपासून निदान वीतभर पुढे ओढावा. टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढावा. गेममध्ये एफपीएसला मर्यादा घालावी. मॉनिटर ६० हर्ट्झचा असताना कार्डाने २५० फ्रेम काढणे म्हणजे पडद्यावर न दिसणाऱ्या फ्रेमसाठी वीज जाळणे. आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणावी. चिपचा वरचा थोडासा वेग गाठण्यासाठी व्होल्टेज बरेच वाढवावे लागते आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे २० टक्के वीज कमी केली, तरी एफपीएसमधली घट सहसा एक आकडी टक्क्यांतच राहते. तापमान आणि आवाज मात्र स्पष्ट उतरतो. शेवटचा फुकट उपाय म्हणजे वेळ: दुपारी दोनऐवजी सकाळी खेळणे.

काही शे रुपये: सफाई आणि थर्मल पेस्ट. दोन-तीन वर्षे वापरलेल्या पीसीत पेस्ट बदलल्याने अनेकदा चांगला फरक पडतो. मटारच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते.

हजार-दोन हजार: कॅबिनेटला पंखे. पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, ही दिशा पाळावी. समोर बंद काच असलेल्या कॅबिनेटला कितीही पंखे लावले, तरी त्यांना हवा मिळत नाही.

त्यापुढे: प्रोसेसरचा मोठा एअर कूलर. लिक्विड कूलरही खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. ४२ अंशांच्या खोलीत त्यातले पाणी ४२ पेक्षा गरमच असणार.

सर्वांत शेवटी: नवे कार्ड किंवा प्रोसेसर, तेही वरच्या नोंदींवरून दोष त्याच भागाचा असल्याचे दिसले तरच.

## लॅपटॉपचे गणित वेगळे

गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपची उष्णता त्याच पातळ नळ्यांतून बाहेर जाते. त्यामुळे खेळताना ९० च्या वरचे आकडे अनेक मॉडेलमध्ये नेहमीचे असतात. गादी, उशी किंवा मांडीवर ठेवल्यास खालची जाळी बंद होते. कडक टेबलावर ठेवून मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली, तरी हवेला वाट मिळते. त्यासाठी दोन जाड वह्यासुद्धा पुरतात. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के केली, तर बहुतेक लॅपटॉपवर टर्बो बंद होतो आणि तापमान बरेच उतरते. ज्या खेळांत मुख्य भार कार्डावर असतो, तिथे याचा फारसा तोटा जाणवत नाही.

टचपॅड वर आला असेल, झाकण नीट मिटत नसेल किंवा तळ फुगलेला दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे. लॅपटॉप लगेच बंद करावा, चार्ज करू नये, बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि सर्व्हिस सेंटरला न्यावा. पीसी तापण्याच्या सगळ्या तक्रारींत आगीचा खरा धोका इथे असतो.

## ग्रुपवर फिरणारे सल्ले

'७० च्या वर गेला की चिप खराब होते.' चूक. मर्यादा मॉडेलनुसार ९० ते १०० च्या आसपास असते.

'जीपीयू ९९ टक्के दिसतोय, म्हणजे ताण आलाय.' चूक. खेळताना कार्ड पूर्ण वापरले जाणे हे योग्यच आहे.

'पेस्ट नसेल तर टूथपेस्ट लावा.' काही तास चालते. मग सुकते आणि तापमान आधीपेक्षा वर जाते.

'कॅबिनेट उघडे ठेवून टेबल फॅन लावा.' तापमान उतरते, पण धूळ, पाली आणि लहान मुलांची बोटे आत जातात. चाचणीपुरते ठीक, कायमचे नाही.

'अमुक गेम कार्ड जाळतो.' जुलै २०२१ मध्ये 'न्यू वर्ल्ड' या खेळाच्या चाचणी आवृत्तीत काही आरटीएक्स ३०९० कार्डे निकामी झाली, तेव्हा हीच चर्चा होती. कार्ड बनवणाऱ्या ईव्हीजीए कंपनीने तपासणीनंतर त्या कार्डांतल्या सोल्डरिंगमध्ये दोष असल्याचे सांगितले. खेळाने कार्डावर भार टाकला. उघड झाला तो आधीपासून असलेला दोष.

## दुकानात जाताना

दुरुस्तीसाठी भंडाऱ्यात नेले किंवा नागपूरच्या सीताबर्डीत, सोबत नोंदवही न्यावी. 'तापतो' एवढेच सांगितले, तर दुकानदाराला अंदाजानेच भाग बदलावे लागतात. 'खोली ३६, सुरुवातीला ६०, वीस मिनिटांनी ९४, तेव्हा क्लॉक खाली येतो आणि पट्टी काढली की ८५' असे सांगितले, तर काम हवेच्या वाटेचे आहे हे दोघांनाही कळते. वॉरंटीतले कार्ड बाहेर उघडायला देऊ नये. आधी अटी वाचाव्यात. बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि बिलावर नव्या भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटी असूनही दाद मिळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

जुना पीसी विकत घेताना हीच वही उलट्या बाजूने वापरता येते. विकणाऱ्यासमोर वीस मिनिटे गेम चालवावा आणि तापमान, वेग व खोली असे तीनही आकडे पाहावेत. हिवाळ्यात, २२ अंशांच्या खोलीत ८८ अंश दाखवणाऱ्या पीसीचा फरक ६६ अंशांचा आहे. मे महिन्यात, ४० अंशांच्या खोलीत तो मर्यादेला टेकणार हे आधीच कळते. तो स्वस्तात मिळत असेल, तर सफाई आणि पेस्टचा खर्च धरूनच भाव करावा.